मिटलं म्हणजे केस संपली असं नाही भाऊ

आपल्या खान्देशात भांडणं बांधावरून होतात, पाण्याच्या पाळीवरून होतात आणि मिटतात पण लवकर, चार जाणती माणसं बसली, चहा झाला, स्टॅम्पवर सह्या झाल्या की विषय संपला. रावेरकडच्या आमच्या काकांचं पण असंच, केळीतल्या ठिबकच्या नळ्यांवरून चुलतभावाशी जुंपली, त्याच्या हाताला विळा लागला, टाके पडले, गुन्हा दाखल झाला, आणि पोळ्याला दोघं एकाच पंगतीत जेवले. नंतर आलं समन्स. काका कोर्टात सांगताय, "साहेब, आमनं मिटी गयं." साहेब म्हणे, मिटलं असेल, पण हे कलम मिटणारं नाही.

मुळात फौजदारी केस आपली नसतेच. चार्जशीटवर बघा, महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक अमुक असं असतं, फिर्यादी तिथे फक्त साक्षीदार. जळगावचं घरकुल प्रकरण, म्हणजे घरकुल योजनेतल्या घोटाळ्याची केस घ्या ना, २००६ ला फिर्याद महापालिका आयुक्तांनी दिली, ते बदलून गेले, केस चालूच, आणि निकाल लागला २०१९ ला धुळ्याच्या विशेष कोर्टात.

आता मिटतं काय? भांडण १ जुलै २०२४ च्या आधीचं असेल तर कलमं जुन्या आयपीसीचीच, म्हणजे भारतीय दंड संहितेचीच लागतात, नवीन न्याय संहितेचा घोळ घालू नका. ३२३, ५०४, ५०६ म्हणजे साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी, ही तडजोडीत जातात. ३२५ म्हणजे गंभीर दुखापत, ते कोर्टाच्या परवानगीने. पण हत्याराने साधी दुखापत म्हणजे ३२४, ते पूर्वी मिटायचं, नंतर तडजोडीच्या यादीतून काढलं. म्हणजे बुक्कीने हाड मोडलं तर मिटवता येतं आणि विळ्याने कातडं फाटलं तर नाही! हे मला काही अजून पटलेलं नाही.

मग उरतं हायकोर्ट. आपले तिन्ही जिल्हे, जळगाव धुळे नंदुरबार, औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, तिथे केस रद्द करायचा अर्ज टाकायचा, फौजदारी प्रक्रिया कायद्याचं जुनं कलम ४८२, आता नवीन प्रक्रिया कायद्याचं ५२८, सोबत फिर्यादीचं अ‍ॅफिडेव्हिट. २०१२ च्या ग्यानसिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की घरगुती, आपसातल्या वादात असं करता येतं, खून, बलात्कार, दरोड्यात नाही. गावातले हुशार लोक दुसरा रस्ता सांगतात, "फिर्यादीला फितूर कर ना भो." चालतंही ते बऱ्याचदा, पण शपथेवर खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा, आणि डॉक्टरांचा दाखला काही फितूर होत नाही.

उलटं पण असतं, मेली वाटणारी केस जिवंत निघते. पोलिसांनी कोर्टाला समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल पाठवला की लोक म्हणतात फाईल बंद. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, उद्या आरोपी सापडला तर परत सुरू. ब म्हणजे तक्रार खोटी, क म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. ती मान्य करण्याआधी कोर्ट फिर्यादीला नोटीस काढतं, ती हातात आली की न वाचता सही ठोकून मोकळं होऊ नका, तारखेला जाऊन हरकत घेता येते आणि कोर्ट पुढे तपास करायला सांगू शकतं. आरोपी सुटला तरी पीडिताला स्वतः अपील करता येतं, २००९ च्या शेवटापासून तशी सोय आहे, सरकारी वकिलाची वाट बघायची गरज नाही. मात्र निकाल एकदा कायम झाला की त्याच गुन्ह्यासाठी त्याच माणसावर पुन्हा खटला नाही, शिक्षा झालेल्यासाठी ते घटनेतच आहे, कलम २० (२), आणि सुटलेल्यासाठी फौजदारी प्रक्रिया कायद्यात.

काकांचं ठरलंय, औरंगाबादचा वकील बघून झाला, चुलतभाऊ अ‍ॅफिडेव्हिटला तयार आहे. दोघांचं म्हणणं एकच, केळीची कटाई उरकल्यावर जाऊ आणि एकाच गाडीत जाऊ, डिझेल अर्धं अर्धं.