पायइन्स्टॉलरने बांधलेल्या एक्झीला फाईल का सापडत नाही?

पायइन्स्टॉलर हे पायथन प्रोग्रॅमची एक्झी, म्हणजे थेट चालणारी फाईल, बनवणारं साधन. स्वतःच्या मशीनवर असा प्रोग्रॅम नीट चालतो आणि ग्राहकाकडे 'फाईल नॉट फाउंड' येतं. बहुतेक वेळा कारण एकच: कोडमध्ये नुसतं 'डेटा/दर.सीएसव्ही' लिहिलेलं असतं. असा पाथ (फाईलचा पत्ता) चालू फोल्डरपासून मोजला जातो, प्रोग्रॅमच्या फोल्डरपासून नाही. विंडोजच्या टास्क शेड्यूलरने (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी सोय) एक्झी सुरू केली, की चालू फोल्डर बऱ्याचदा सिस्टम३२ असतो.

'वनफाईल' प्रकारात, म्हणजे सगळं एकाच फाईलमध्ये बांधलेलं असताना, एक्झी दर वेळी टेम्प या तात्पुरत्या फोल्डरमध्ये '_एमईआय'ने सुरू होणारा फोल्डर तयार करते आणि सगळं त्यात उलगडते. त्याचा पत्ता पायथनच्या 'सिस' मोड्यूलच्या '_मेईपास'मध्ये मिळतो. सोबत बांधलेल्या फाईली तिथूनच वाचाव्यात. पण तिथे काही लिहू मात्र नका! प्रोग्रॅम बंद होताच तो फोल्डर पुसला जातो, आणि ग्राहकाने बदललेली सेटिंग्जही त्याबरोबर जातात. लिहायच्या फाईली वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवा. एक्झीशेजारची फाईल हवी असेल तर 'सिस'च्या 'एक्झिक्युटेबल'वरून तिचा फोल्डर काढा.

'वनडिर' प्रकारात, म्हणजे एक्झी आणि बाकी फाईली एका फोल्डरमध्ये असतात तेव्हा, पायइन्स्टॉलरच्या ६.० आवृत्तीपासून एक्झी सोडून बाकी सगळं '_इंटर्नल' फोल्डरमध्ये जातं. जुने हाताने जोडलेले पाथ इथेच तुटतात.

सोबत फाईल बांधायच्या 'ॲड-डेटा' या पर्यायामध्ये कोलननंतर येतो तो फोल्डर, फाईलचं नाव नव्हे. 'दर.सीएसव्ही:दर.सीएसव्ही' लिहिलंत तर 'दर.सीएसव्ही' नावाचा फोल्डर बनतो आणि खरी फाईल त्याच्या पोटात जाते. फाईल थेट मुख्य फोल्डरमध्ये हवी असेल तर कोलननंतर फक्त टिंब द्या.