तुम्ही विचारलंत म्हणून: बातमीत जात आणतं कोण?

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात का आणता हो?" हा प्रश्न मला ओळखीचे विचारतात, अनोळखी विचारतात, घरातलेही विचारतात. पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: "गुन्हेगाराला जात नसते." वाक्य शंभर टक्के खरं आहे. फक्त ते ज्यांना ऐकवायला हवं, त्यांना कुणी ऐकवत नाही. मी वर्तमानपत्राच्या जिल्हा डेस्कवर बरीच वर्षं काढली. तिथे जात कुठून आणावी लागत नाही, ती प्रेसनोटमधूनच येते.

संध्याकाळ उलटली की स्थानिक गुन्हे शाखेची प्रेसनोट येते. दरोड्याच्या तयारीतली टोळी जेरबंद. जप्त मुद्देमाल: कोयता, कटावणी, दोरी, मिरची पूड. दोघे अंधाराचा फायदा घेऊन पसार. (मिरची पूड इतक्या नेमाने सापडते की दरोडेखोरांची कुठेतरी एकच गिरणी असावी अशी शंका येते.) सोबत फोटो असतो. मागे ओळीने उभं असलेलं पथक, पुढे जमिनीवर उकिडवे बसवलेले, तोंडावर काळी फडकी बांधलेले आरोपी. ते पारधी असले की मथळा आयताच मिळतो: 'पारधी टोळी गजाआड'. पान सोडायची घाई असते. 'गजाआड' की 'जेरबंद' यावर उपसंपादक क्षणभर थांबेल, 'पारधी' या शब्दावर थांबणार नाही.

त्याच पानावर खाली पतसंस्थेची बातमी असते. ठेवीदारांचे कोट्यवधी बुडवणारे तिथे 'संचालक मंडळ' असतात. सगळं मंडळ एकाच भावकीतलं असलं तरी 'अमुक समाजाची टोळी' असा मथळा कुणाला सुचत नाही. सुचूही नये. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलंय की माणसाची जात सांगणं टाळावं, विशेषतः त्यातून त्या जातीची बदनामी होत असेल तर. संचालकांच्या बाबतीत हा नियम न वाचताच पाळला जातो. वरच्या बातमीत तो कुठे जातो, एवढंच मी विचारतो.

आणि हे मथळ्यापाशी संपत नाही. खटला उभा राहतो, काही वर्षांनी पंच फितूर होतात, ओळख परेड टिकत नाही, आरोपी निर्दोष सुटतात. त्याची प्रेसनोट कोण काढणार? पोलीस काढणार नाहीत, सरकारी वकील काढणार नाहीत. सुटलेल्या माणसाकडे वार्ताहराचा नंबर नसतो. म्हणून अटक चार कॉलमांत छापली जाते आणि सुटका कुठेच नाही. यात कुणाचा कट नसतो. क्राइमची बातमी पोलिसांकडून येते आणि पोलिसांचं काम अटकेवर संपतं. वाचकाच्या मनात मात्र तो माणूस कायमचा फडकं बांधून बसलेला राहतो, आणि तो राहतो त्या पालांवरची सगळी माणसंही.

याची मुळं जुनी आहेत. इंग्रजांनी 1871 मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट केला आणि पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. ठाण्यात हजेरी, गाव सोडायला परवानगी, सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला आणि ही माणसं 'विमुक्त' झाली. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात 1959 मध्ये. ठाण्यातल्या नोंदींची भाषा तीच राहिली आणि तिथून ती आमच्या डेस्कवर आली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामवाटप घटनाबाह्य ठरवली, तेव्हा विमुक्त जमातींकडे सराईत म्हणून बघणाऱ्या नियमांवरही बोट ठेवलं. ती याचिका सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी केली होती, हे आवर्जून सांगतो. आमच्या धंद्याची थोडी तरी अब्रू राहिली.

आता दुसरी बाजू. आरोपी असताना मथळ्यात झळकणारी जात माणूस मारला गेला की कुठे जाते? 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. चर्चा झाली ती मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपची. त्याच महिन्यात कंपनीने भारतात मेसेज एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. जणू फोनने मारलं. परक्या भटक्याकडे बघताच गावाला 'चोर' का दिसतो, यावर चॅनेलवर रोज पॅनेल बसल्याचं मला तरी आठवत नाही.

16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेवरून मारले गेले. तोही तितकाच अमानुष प्रकार होता आणि देश हादरला ते योग्यच झालं. तिथे मात्र मेलेल्यांची ओळख पहिल्या मिनिटापासून मथळ्यात होती. मारणाऱ्यांचा धर्म शोधायची इतकी घाई झाली की अटकेतल्या 101 जणांची यादी काढून तीत एकही मुसलमान नाही, हे गृहमंत्री अनिल देशमुखांना जाहीरपणे सांगावं लागलं. डवरी गोसाव्यांसाठी कुणी कसलीच यादी मागितली नव्हती. उलट राईनपाड्यानंतर महिन्याभराने, ऑगस्ट 2018 मध्ये, माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना कळवलं की 'दलित' हा शब्द टाळा, 'अनुसूचित जाती' म्हणा. ज्या शब्दाने माणसं ताठ उभी राहिली तो खटकला. 'पारधी टोळी' बाबत असं पत्र आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खैरलांजी तर सगळ्यांना माहीत आहे, पण क्रम विसरला जातो. 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातली चार माणसं मारली गेली. मोठ्या वर्तमानपत्रांना त्याचं गांभीर्य कळायला आठवडे लागले, आणि सुरुवातीला छापून आलं ते 'अनैतिक संबंधां'चं. नोव्हेंबरात विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा गृहमंत्री आर. आर. पाटलांना त्यात नक्षलवाद्यांचा हात दिसला. मग कानपूरच्या आंबेडकर पुतळ्याच्या विटंबनेची भर पडली, महिनाअखेरीस उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले आणि एका दिवसात पहिलं पान मिळालं. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली नाही. त्या निकालाला कुणी "जात का काढली" असं विचारलं नाही, कारण काढलीच नव्हती.

राजकारणाचं काय सांगू? निवडणूक लागली की आमचीच पानं मतदारसंघनिहाय जातींच्या टक्केवारीने भरतात. तिकीट कोणत्या समाजाला, नाराज कोणता समाज, सगळं उघड छापून येतं. विमुक्त-भटक्यांसाठी केंद्राचा रेणके आयोग झाला, 2008 मध्ये अहवाल आला. मग इदाते आयोग झाला, त्याचाही आला. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्राचे. त्या शिफारशींवर मागे लागणारं कुणी नाही, कारण विखुरलेल्या पालांची मतं कोणत्याच मतदारसंघात एकगठ्ठा पडत नाहीत. टक्केवारीच्या तक्त्यात ही माणसं 'इतर' मध्ये असतात.

बातमी निवडणारे कोण, हेही बघावं. 2006 मध्ये योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या 37 माध्यमसंस्थांतल्या 315 वरिष्ठ पत्रकारांची पाहणी केली. त्यात एकही दलित किंवा आदिवासी नव्हता.

"मग करायचं काय?" असंही विचारतात. मोठं काही नाही. प्रत्येक प्रेसनोटमध्ये गुन्हा रजिस्टर नंबर असतोच. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणं, तो नंबर आणि वर्ष टाकलं की खटला कुठवर आला ते दिसतं. अटकेची बातमी लावतानाच नंबर वहीत टिपायचा, वर्षातून दोनदा वही काढायची आणि सुटलेल्यांची बातमी त्याच पानावर लावायची. एका संपादकांना हे सुचवलं तर म्हणाले, "एवढं वाचणार कोण?" मी म्हटलं, अटकेची वाचून ज्यांनी त्याला कामावरून काढलं, ते वाचतील.