चिनी सम्राटाचे नाव कसे ओळखावे?

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत इतिहासाच्या तासाचे ऋण अभ्यासाच्याच विषयाने फेडावे, असे वाटते. युआन श्वांग दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला, हे आपण सर्वजण शिकलो. इ.स. 645 मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा तिथे तांग घराण्याचा ताइत्सोंग राज्य करत होता. त्या राजाचे जन्मनाव ली शिमिन. 'ताइत्सोंग' हे त्याच्या मृत्यूनंतर पूर्वजांच्या मंदिरातील पूजेसाठी दिलेले नाव. चिनी इतिहास वाचताना मुले अडखळतात ती इथेच.

मूळ बिरुदापासून सुरुवात करू. चौ घराण्याचे राजे स्वतःला 'वांग' म्हणवत. पुढे मांडलिकही वांग झाले आणि बिरुदाची किंमत उतरली. इ.स.पू. 221 मध्ये छिन राज्याच्या यिंग चंगने सर्व राज्ये जिंकली, तेव्हा मंत्र्यांनी त्याला 'ताइहुआंग' हे बिरुद सुचवले. त्याने 'ताइ' गाळून 'हुआंग' ठेवले आणि त्याला प्राचीन राजांचे 'दी' जोडून 'हुआंगदी' केले. 'मी' या अर्थाचा 'चेन' हा शब्द तोवर कुणीही वापरे, तो त्याने स्वतःसाठी राखून ठेवला. मरणोत्तर नावे, म्हणजे मृत राजाची कारकीर्द जोखून दिलेली नावे, तर बंदच केली, कारण त्यात मुलगा बापाचे आणि चाकर धन्याचे मोजमाप करतो. आपण पहिला, पुढचा दुसरा, अशी दहा हजार पिढ्यांची मोजणी त्याने ठरवली. घराणे जेमतेम पंधरा वर्षे टिकले. 'हुआंगदी' मात्र पुढच्या दोन हजार वर्षांत कुणी टाकले नाही. इ.स. 690 मध्ये गादीवर बसलेल्या वू त्सतियान या स्त्रीनेही तेच घेतले.

हान घराण्याने मरणोत्तर नावे पुन्हा सुरू केली. म्हणून हान सम्राट 'वूदी' अशा नावांनी ओळखले जातात. पुढे ही नावे फार लांबली, म्हणून तांगपासून 'ताइत्सोंग'सारखे मंदिरनाव रूढ झाले. मिंग आणि छिंग घराण्यांच्या सम्राटांना आपण शकाच्या नावाने (कारकिर्दीची वर्षे मोजण्यासाठी सम्राट जाहीर करी ते नाव) ओळखतो, कारण 1368 पासून एका कारकिर्दीला एकच शक, असा रिवाज पडला. अपवाद मिंग सम्राट यिंगत्सोंगचा. 1449 मध्ये तो मंगोलांच्या हाती सापडला, 1457 मध्ये पुन्हा गादीवर आला, म्हणून त्याचे शक दोन. तेव्हा छिंग घराण्यातला 'कांगशी सम्राट' म्हणजे कांगशी शकाचा सम्राट, हेच अचूक.

हे ज्ञान चिनी मातीच्या भांड्यांपाशी लगेच उपयोगी पडते. भांड्याच्या बुडाशी बहुधा सहा अक्षरे असतात. ती वरून खाली, उजव्या ओळीपासून डावीकडे वाचावीत. पहिली दोन घराण्याची ('महान छिंग'), मधली दोन शकाची, शेवटची दोन 'काळात घडवले' अशा अर्थाची. फसगत होते ती अशी: कांगशीच्या काळातील कारागीर जुन्या कामाच्या आदरापोटी भांड्यांवर मिंग काळातील चंगह्वा (1465–87) शकाची खूण घालत. म्हणून नुसत्या खुणेवर विसंबू नये, माती आणि झिलईही पाहावी.

शकवर्षाचे इसवी सन काढताना एक नियम लक्षात ठेवा. मिंग-छिंग काळात सम्राट मेला तरी त्याचा शक त्या वर्षअखेरपर्यंत चाले आणि नवा शक पुढील चिनी नववर्षापासून सुरू होई. कांगशी 1661 मध्ये गादीवर आला, पण कांगशी 1 म्हणजे 1662. म्हणून कांगशी वर्षात 1661 मिळवावेत, छ्येनलुंग या छिंग शकाच्या वर्षात 1735. बाराव्या महिन्याच्या तारखांत मात्र हा हिशेब बहुधा चुकतो, कारण चिनी वर्ष इंग्रजी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लांबते. शेवटचा सम्राट पुयी याचा पदत्याग श्वानतुंग 3, बारावा महिना, पंचविसाव्या दिवशीचा. नुसती बेरीज केली तर 1911 येते. खरी तारीख 12 फेब्रुवारी 1912.