कॉन्टेसाला इंजेक्शन टोचलं

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आमच्या घरात दरवर्षी दोन कामं ठरलेली, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान आणायचं आणि काकाच्या कॉन्टेसा गाडीचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, उघडायचा. पावसात गाडी दोन-दोन महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि डिचोलीची पावसातली हवा म्हणजे पापड तळून ताटात वाढेपर्यंत मऊ पडतो अशी. मग फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं ती) तळाला पांढरट चिखल, जेट म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं बुजलेली, काका टूथब्रश घेऊन बसलेला. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, सगळ्या पंपांवर आल्यापासून तर वैतागच झाला. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो त्यामुळे इंधनाला हवा कमी लागते, नुसत्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो आणि ई-२० ला साडेतेराच्या आसपास. पण जेटचं भोक तेवढंच राहतं, म्हणजे गाडी आपोआप लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कार्बोरेटरला हे कळायची काही सोयच नाही. म्हणून ठरवलं, कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवायचं, म्हणजे इंजेक्टर पेट्रोल मोजून फवारतील.

गाडी १.८ जीएलएक्स, इसुझूचं १८१७ सीसी इंजिन, सुमारे ८८ बीएचपी. मायनिंगचे दिवस होते तेव्हा काकाने सेकंडहँड घेतलेली, २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, ट्रक विकले पण ही ठेवली. लोक हिला भारताची मसल कार म्हणतात. आता अमेरिकेत १९५७ सालीच कॉर्व्हेटला मेकॅनिकल फ्युएल इंजेक्शन लावून २८३ क्युबिक इंचातून २८३ घोडे काढले होते त्यामुळे त्यांच्यासमोर आपण जास्त बोलू नये, पण लांब बोनेट आणि मागच्या चाकांना ताकद एवढं तरी आहे ना आपल्याकडे. त्या लोकांना व्ही-८ साठी तयार किट मिळतं, कार्बोरेटर काढला की त्याच जागी चार इंजेक्टरवाली थ्रॉटल बॉडी बसवायची. कॉन्टेसासाठी असलं किट कुठून येणार, मग केला जुगाड.

इंजेक्टर घेतले भंगारातल्या मारुती एस्टीमचे. हिशोब साधा होता, ती एमपीएफआय एस्टीम ८५ बीएचपीची, चार सिलिंडर चार इंजेक्टर, आमची ८८ ची, म्हणजे तीन बारच्या प्रेशरवर भागायला हरकत नाही. मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांवर) इंजेक्टर बसवायचे बोंडे वेल्ड करून घेतले, क्रँकच्या पुलीवर ३६-१ ची दातेरी चकती, म्हणजे ३६ दातांची जागा आणि त्यातला एक दात मुद्दाम गायब, त्या रिकाम्या जागेवरून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, क्रँक कुठे आहे ते समजतं. ईसीयू स्पीडुइनो, आर्दुइनो मेगावर चालणारा ओपन सोर्स, आणि सायलेन्सरच्या पाइपमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोल कमी पडतंय की जास्त ते सांगणारा. जुने रबर पाइप सगळे फेकले, कारण कार्बोरेटरवाले पाइप अर्ध्या बारच्याही खालच्या प्रेशरचे, इथे तीन बार, आणि गरम इंजिनवर पेट्रोलचा फवारा उडाला की गाडी गेलीच. यात पैसे वाचवू नका, इंजेक्शनसाठीचाच पाइप आणि त्याचेच क्लिप घ्या.

पहिल्यांदा चालू झाली तेव्हा प्रेशरचा काटा अडीचवर बघून माझा जीव खाली-वर. नंतर डोक्यात आलं की प्रेशर ठरवणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची व्हॅक्युमची नळी लावलीय, आयडलला आत ओढ असते म्हणून काटा तेवढाच खाली दिसणार, एक्सलेटर पूर्ण दाबला की तीन. बरोबरच होतं सगळं.

आणि मग चोर्ला घाट.

साखळी, केरी करत घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला गाडीने असा झटका दिला की मागच्या सीटवरची शहाळी पुढे आली. लॅपटॉपवर लॉग बघितला तर लोडवर लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं, त्याच्या वर म्हणजे पेट्रोल कमी) ०.८६ असायला हवा तो १.१५ च्या वर गेलेला. लीन. मी काय केलं, कुठल्या आरपीएमला आणि लोडला किती पेट्रोल हे ईसीयूच्या ज्या टेबलात लिहिलेलं असतं, त्यातल्या त्या खणांमध्ये पेट्रोल वाढवलं. परत घाट, परत झटका, परत वाढवलं. स्पीडुइनोमध्ये टेबल १६ बाय १६ चं असतं, २५६ खण, मी तीन आठवडे रात्री जेवून झाल्यावर त्यातल्या वीस-पंचवीस खणांशी खेळत बसलो होतो. बायको म्हणाली एक्सेलचं काम घरी आणलंस का.

म्हापशाच्या रस्त्याला मात्र त्याच आरपीएमला त्याच लोडला गाडी काळा धूर सोडायला लागली, प्लग काढले तर काजळी. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. खण तोच, आकडा तोच, आणि सपाटीवर रिच (पेट्रोल जास्त) तर घाटात लीन, म्हणजे चूक टेबलात असूच शकत नाही. पण लॅपटॉप मांडीवर असला की माणसाला सगळे आजार लॅपटॉपमध्येच दिसतात.

आमचा मिस्त्री म्हातारा, आयुष्य कार्बोरेटरवर काढलेलं, त्याला लॉगचा ग्राफ दाखवायला गेलो तर त्याने स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. हात पुसत एवढंच विचारलं, "पेट्रोल पावता मरे थंय?" म्हणजे पेट्रोल पोचतं का तिथे?

मी म्हटलं पंप नवीन आहे. म्हणाला पंप नवीन आसूं दी, टाकी जुनी मरे.

मग प्रेशर गेज लांब पाइपने बाहेर काढून काचेवर वायपरच्या बाजूला टेपने चिकटवला (बाहेरच्या बाजूने, पेट्रोलचा पाइप कधीही गाडीत आत घेऊ नका) आणि पाव टाकी पेट्रोलवर घाट चढलो. हेअरपिनला गाडी वळली, काटा तीनवरून सरळ एकच्या खाली, पंपाचा आवाज घुंऽऽ असा बदलला, झटका, आणि वळण संपलं की काटा परत वर. तीन आठवड्यांचं काम एका वळणात समजलं.

झालं असं की टाकीत आत आडवे पत्रे नाहीत, वळणावर आणि चढावर पेट्रोल एका कोपऱ्यात जातं आणि ओढणाऱ्या पाइपचं तोंड दोन-तीन सेकंद उघडं पडतं. कार्बोरेटरच्या काळातही हे होतच असणार, पण फ्लोटच्या वाटीत घोट-दोन घोट पेट्रोल कायम शिल्लक, त्यावर इंजिन ते दोन-तीन सेकंद काढायचं, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. इंजेक्शनला वाटी नसते. पंपात हवेचा बुडबुडा गेला की प्रेशर त्याच क्षणी पडतं, उधारी अजिबात नाही. ज्या वाटीला दर चवथीला आम्ही शिव्या घालायचो तीच घाट चढवत होती!

उपाय म्हणजे दुसरी मोठी वाटीच. दीड लिटरची अ‍ॅल्युमिनियमची सर्ज टँक वेल्ड करून घेतली. एक कमी प्रेशरचा पंप मुख्य टाकीतून तिच्यात सतत पेट्रोल भरत राहतो, मोठा पंप तिच्या तळातून ओढतो, रेग्युलेटरचं परतीचं पेट्रोल वरून परत तिच्यातच येतं आणि जास्त झालेलं सांडून मुख्य टाकीत. वळणावर छोट्या पंपाने थोडी हवा ओढली तरी ती वर जाते, तळाला पेट्रोल असतंच. त्यानंतर टेबल मुळापासून परत केलं, आधीचे सगळे वाढवलेले आकडे पुसून, आणि पाव टाकीवरच चोर्ला चढून बेळगावला जाऊन आलो, काटा हलला नाही. ताकद वाढली का असं सगळे विचारतात, तर नाही, जाणवण्याइतकी नाही. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, तेवढंच पाहिजे होतं.

म्हणजे मी चालू केली तर. काकाने केली तर नाही. तीस वर्षांची सवय, सेल्फ मारायच्या आधी एक्सलेटर खालपर्यंत दाबून ठेवायचा. ईसीयूला वाटतं इंजिनात पेट्रोल तुंबलंय, फ्लड क्लिअर, म्हणून तो सेल्फ चालू असेपर्यंत इंजेक्टर बंद ठेवतो, आणि काका बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारतो आणि मग मला फोन, "तुझं कॉम्प्युटर बिघडलं." डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली, काका पाय काढ. दोन दिवसांनी बघतो तर चिठ्ठीवर गणपतीचा स्टिकर.