जुनी शिक्षा, नवा अर्थ आणि माळ्यावरची भरमार

गडचिरोलीकडे धान निसवू लागले की रानडुकरांचे कळप बांध्यांत उतरतात, त्यामुळे जागलीसाठी घरात वाडवडिलांची भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, असणे ही एके काळी नवलाची गोष्ट नव्हती. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. खरी अडचण पुढच्या पिढीत येते. परवाना आजोबांच्या नावाचा, आजोबा वारले, बंदूक ठाण्यात जमा करायची राहिली आणि झडतीत ती माळ्यावर सापडली की विनापरवाना बंदूक ताब्यात ठेवल्याचा आरोपी ठरतो तो घरचा कर्ता.

अशा खटल्यांत शिक्षा भोगून आलेली माणसे तालुक्याच्या कोर्टात भेटली की विचारतात, "वकीलसाहेब, मोठ्या कोर्टानं आता वेगळंच सांगितलं म्हणते, मंग आमची शिक्षा उडते का?"

ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच गुणवंतलाल प्रकरणात सांगितले आहे. वस्तू अंगावर सापडली नसेल, तर ती आरोपीच्या नियंत्रणात होती हे दिसावे लागते. तरीही पंचनामा सिद्ध झाला म्हणजे ताबाही सिद्ध झाला, असे धरून चालणारे निकाल मी वाचले आहेत. वरिष्ठ न्यायालय कायद्याचा जो अर्थ लावते तो, न्यायालयाने स्वतः वेगळे म्हटले नसेल तर, पहिल्यापासूनचाच मानला जातो. मात्र त्यामुळे अंतिम झालेला निकाल आपोआप रद्द होत नाही, कारण सही झालेला निकाल त्याच न्यायालयाला, लेखनदोष वगळता, बदलता येत नाही आणि दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जाण्याची मुदत अवघी ३० दिवसांची असते.

अमेरिकेत हाच पेच अधिक उघडपणे दिसला. ज्यांना बंदूक बाळगण्यास मनाई आहे अशा वर्गात आपण मोडतो, हे आरोपीला ठाऊक होते असे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रेहैफ खटल्यात दिला. २००० साली दोषी ठरलेल्या एका कैद्याने त्याचा आधार घेतला. परंतु शिक्षेला आव्हान देण्याची संधी त्याने आधीच एकदा वापरली होती, म्हणून २०२३ मध्ये जोन्स विरुद्ध हेंड्रिक्स निकालात सहा विरुद्ध तीन मतांनी त्याला दार बंद झाले. निकालांना कुठेतरी अंत हवा हे मला मान्य आहे, पण गुन्ह्याचा एक आवश्यक घटक कधी तपासलाच गेला नसताना तुरुंगवास चालू राहावा, हे पटत नाही.

आपल्याकडे विलंबमाफीचा, म्हणजे मुदत उलटूनही अपील ऐकावे असा, अर्ज करता येतो, हा त्यातल्या त्यात दिलासा आहे; मात्र उशिराचे कारण पटवावे लागते आणि 'कायद्याचा अर्थ आता कळला' एवढ्यावर सहसा भागत नाही. अपील केल्यास शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीतली वाढीव शिक्षा लागेल, ही भीती मात्र निराधार आहे, कारण गुन्ह्याच्या वेळी असलेल्या शिक्षेहून अधिक शिक्षा संविधानाचा अनुच्छेद २०(१) देऊ देत नाही.

म्हणून आधी निकालाची, जप्ती पंचनाम्याची आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ खालील, खटला भरण्यासाठीच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या मंजुरीची प्रमाणित नक्कल काढावी. ही मंजुरी खटल्यापूर्वीची नसेल, तर तो मुद्दा ताब्याच्या वादापेक्षाही भक्कम ठरू शकतो. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.