मस्कादे: कालवांच्या ताटाशेजारची वाइन

कच्चे कालव शिंपल्यातल्या खाऱ्या पाण्यासह तोंडात घ्यावे आणि त्यावर थंड मस्कादेचा घोट घ्यावा, याहून नेमकी जोडी फ्रेंच खाद्यपरंपरेत मला तरी आढळलेली नाही. चवीने संयत असलेल्या या पांढऱ्या वाइनकडे अनेक जाणकार दुर्लक्ष करतात. तिचा संयम हाच तिचा गुण आहे, असे माझे ठाम मत आहे.

लुआर नदी अटलांटिक महासागराला मिळण्यापूर्वी नांत शहराजवळून वाहते आणि मस्कादेचे मळे प्रामुख्याने या शहराच्या दक्षिणेला व आग्नेयेला पसरलेले आहेत. सेव्र आणि मेन या दोन छोट्या नद्यांच्या नावाने ओळखला जाणारा पट्टा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा होय. येथे लावली जाणारी ‘मेलों द बुर्गोन्य’ ही द्राक्षाची जात मूळची पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडीची, आणि वंशाने शार्दोने या प्रसिद्ध पांढऱ्या द्राक्षाची सख्खी बहीण. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळण्यासाठी साध्या पांढऱ्या वाइनची गरज होती, त्यामुळे या भागात पांढऱ्या द्राक्षांची लागवड वाढली. पुढे 1709 च्या भीषण हिवाळ्यात असंख्य वेली गोठून मेल्या, तेव्हा थंडीला तोंड देणारी ही जात शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर लावली.

या द्राक्षाला स्वतःचा सुगंध फारसा नसतो, म्हणून वाइन घडवण्याची रीत येथे निर्णायक ठरते. आंबवण्याची क्रिया संपल्यावर मृत यीस्टचा बारीक गाळ टाकीच्या तळाशी बसतो. इतरत्र पुष्कळदा त्यावरून वाइन लवकर काढून घेतात. नांतचे उत्पादक मात्र तिला निदान एक हिवाळा त्याच गाळावर राहू देतात आणि नंतर तेथूनच थेट बाटलीत भरतात. अशा बाटलीच्या लेबलावर ‘स्यूर ली’, म्हणजे ‘गाळावर’, असे छापलेले असते. यीस्टच्या पेशी हळूहळू विघटित होत असताना वाइनला थोडा भरीवपणा आणि ताज्या पावासारखा मंद वास देतात, तर उरलेला किंचित कर्बवायू जिभेवर हलकी चुणचुण निर्माण करतो. विकत घेताना मी हे दोन शब्द आवर्जून पाहते.

कालवांशी तिचे जमते ते यामुळेच. तिची आंबट धार लिंबाचे काम करते, अल्कोहोल साधारण 12 टक्क्यांच्या आसपास असल्याने घशात जळजळ होत नाही, आणि ओकच्या नव्या पिपाचा व्हॅनिलासारखा वास सहसा नसल्यामुळे कालवाची खारट, धातूसारखी चव झाकली जात नाही. रेड वाइनमधील लोह माशांमधील मेदाम्लांशी संयोग पावून तोंडात उग्र हिवस वास निर्माण करते, असे जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवून दिले; मस्कादेसोबत हा त्रास मला कधीच जाणवलेला नाही. फ्रान्समध्ये कालवांवर व्हिनेगर आणि बारीक चिरलेले शॅलट, म्हणजे एक प्रकारचे छोटे कांदे, घालण्याची पद्धत आहे, परंतु सोबत ही वाइन असेल तर व्हिनेगर टाळावे, कारण त्यापुढे ती फिकी पडते.

उकडलेले शिंपले, भाजलेल्या सार्डिन आणि साधी कोळंबी यांच्याशीही ती उत्तम जुळते. कोकणातल्या वाटपाच्या तिसऱ्या किंवा तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले मात्र तिला पेलत नाही. तेथे मूळच्या लुआर खोऱ्यातल्याच, पण आता नाशिकमध्ये रुजलेल्या शेनिन ब्लाँची किंचित गोडसर बाटली मला अधिक योग्य वाटते. मीठ-हळद लावून रव्यात तळलेला बोंबील असेल, तर मस्कादे जरूर उघडावी.

नांतचा स्वतःचा मोठा पदार्थ म्हणजे ‘ब्यर ब्लां’ हा लोण्याचा सॉस. शॅलट, व्हिनेगर आणि बहुधा याच भागातली पांढरी वाइन आटवून त्यात थंड लोण्याचे तुकडे थोडेथोडे फेटले जातात आणि तो नदीतल्या पाइक माशावर वाढतात. इतक्या लोण्यासमोर कोवळी मस्कादे थोडी अपुरी पडते. त्यासाठी क्लिसों, गोर्ज किंवा ल पाले या 2011 मध्ये स्वतंत्र मान्यता मिळालेल्या गावांच्या नावाची बाटली घ्यावी; ती दीड-दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ गाळावर मुरलेली असते. क्लिसोंची जमीन ग्रॅनाइटची, गोर्जची गॅब्रो खडकाची, आणि दोन्हींच्या वाइन दहा वर्षेसुद्धा टिकू शकतात. कोवळी मस्कादे 8 ते 10 अंश सेल्सियसला प्यावी. मुरलेली मात्र फ्रिजमधून थोडी आधी बाहेर काढून ठेवावी, कारण फार थंड असताना तिचा भरीवपणा जाणवतच नाही.