सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची लॅब क्लाउडवर नेल्यानंतर

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय आपल्याकडे बराच काळ वहीतच शिकवला गेला. विद्यार्थी वॉटरफॉल मॉडेलची (एकामागून एक टप्प्यांनी काम करण्याच्या पद्धतीची) आकृती काढतात, यूएमएलचे (सॉफ्टवेअरची रचना दाखवणारे) डायग्राम जर्नलला चिकटवतात, आणि चौघांच्या ग्रुपमधील एकजण सबमिशनच्या आदल्या रात्री सगळा प्रोजेक्ट उरकून पेन ड्राइव्हवर आणतो. कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या मुलांना हा विषय शिकवताना मला क्लाउडचे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायच्या कॉम्प्युटरांचे, महत्त्व पटले ते याच ठिकाणी. लॅबमधील जुन्या कॉम्प्युटरवर भार पडत नाही हा फायदा आहेच. परंतु काम कोणी, केव्हा आणि कसे केले हे शिक्षकाला दिसू लागते, हा फायदा मी त्याहून मोठा मानतो.

एका ग्रुपने दूध संकलन केंद्राचा प्रोजेक्ट घेतला होता. दुधातील फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) पाहून दरपत्रकाप्रमाणे लिटरचा दर काढायचा आणि दहा दिवसांचे बिल तयार करायचे, एवढेच काम. कोड गिटहबवर, म्हणजे कोड आणि त्यातील बदलांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, होता आणि प्रत्येक वेळी तो तिथे चढवला की क्लाउडवरील कोऱ्या मशीनवर टेस्ट आपोआप चालत. ज्याने कोड लिहिला त्याने दोन-तीन फॅट घालून पाहिले होते आणि उत्तरे बरोबर आली होती. टेस्टमध्ये मात्र काही फॅटना दरच सापडेना. बायनरीत ०.१ ही संख्या तंतोतंत मावत नाही, त्यामुळे पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते आणि दरपत्रकातील आकड्याशी केलेली तुलना फसते. ग्रुपमधील मुलीने पुल रिक्वेस्टखाली (कोडमधील बदल सामील करून घेण्याच्या विनंतीखाली) लिहिले, "३.६ च्या जागी ३६ ठेव, पूर्णांकात चूक होणार नाही. मामांच्या डेअरीत पाच पैशांवरूनसुद्धा भांडण होतं." कोड रिव्ह्यू म्हणजे काय, हे या दोन ओळींत जितके कळले तितके माझ्या तासभराच्या व्याख्यानात कळले नसते.

अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या प्रसिद्ध केली आणि तिच्यातील पाच लक्षणे आपली मुले परीक्षेसाठी पाठ करतात. त्यांतील गरजेनुसार कमी-जास्त होणारी क्षमता आणि मोजून मिळणारी सेवा ही दोन लक्षणे या प्रोजेक्टने प्रत्यक्ष दाखवली, कारण दूध सकाळ-संध्याकाळ येते आणि मधल्या वेळेत सर्व्हर रिकामाच असतो. अनेक केंद्रांकडून एकदम नोंदी येत आहेत असे भासवून लोड टेस्ट घेतली, तेव्हा सर्व्हर वाढवूनही वेग वाढेना. डेटाबेसमधील सभासद क्रमांकाच्या रकान्यावर इंडेक्सच (नोंद पटकन शोधून देणारी सूची) नव्हता. रचनेतील उणीव मशीन भाड्याने घेऊन भरून निघत नाही, हे मुलांना बिलासकट समजले.

क्लाउडच्या बिलाचा विषय मात्र गंभीर आहे. सुरू केलेले मशीन बंद करायचे राहिले की ते रिकामे असले तरी पैसे चढत राहतात, म्हणून पहिल्याच प्रॅक्टिकलला बजेट अलर्ट लावून घ्यावा आणि पासवर्ड किंवा ॲक्सेस की रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) जाणार नाही याची सवय लावावी. कित्येक सेवा नोंदणीलाच कार्ड मागतात आणि ते बहुतेक विद्यार्थ्यांकडे नसते. अशा वेळी कार्डाविना मिळणारी विद्यार्थी खाती किंवा कॉलेजचे खाते वापरावे. वडिलांचे कार्ड आणायला मी कधीच सांगत नाही.

गगनबावडा, चंदगडकडच्या मुलांची अडचण निराळी. पावसाळ्यात तिथे वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे ब्राउझरमध्येच चालणाऱ्या एडिटरची सक्ती करणे अन्यायाचे ठरते. गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनात कमिट (बदलाची नोंद) इंटरनेटशिवाय स्वतःच्या लॅपटॉपवर करता येते आणि रेंज आल्यावर वर पाठवता येते. आमचे निम्मे काम याच एका सोयीवर निभावते.

व्हायवाला आता मी कमिटची यादी समोर ठेवून प्रश्न विचारतो. जर्नल मात्र अजून छापीलच लागते, त्यामुळे मुले त्या यादीचा स्क्रीनशॉट काढून, प्रिंट घेऊन तो जर्नलमध्ये चिकटवतात.